मंडळीत आरोग्यगट कसा सुरू करावा: मराठवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

तुमच्या मंडळीतली प्रार्थना-विनंत्यांची वही एकदा उघडून पाहा. नोकरी, परीक्षा, मुलीचं लग्न हे सोडलं तर बाकी पानभर शुगर, बीपी, गुडघे, कंबर आणि कुणाच्या तरी छातीत घातलेली स्प्रिंग. या विनंत्यांसाठी आपण मनापासून प्रार्थना करतो. मग उपासना संपते आणि आवारात आधीच साखर घालून उकळलेला चहा न् खारी हातात येते. या दोन गोष्टींचा मेळ बसवावा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. जालन्याकडच्या आमच्या मंडळीत आम्ही असा गट चालवतो. नवीन माणूस कुठे अडतो, कुठे चिडतो आणि कुठे सोडून देतो हे जवळून पाहिलंय, म्हणून क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याला बाहेरून काही आणावं लागत नाही. आठवड्याला एकत्र येणं, उपवास, विसाव्याचा दिवस आणि पंगतीला एकत्र बसणं या चार सवयी मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जिमला पैसे भरून माणूस महिनाभरात गळतो, कारण त्याला तिथे कुणी विचारत नाही. मंडळीत सुभद्राकाकू दोन रविवार दिसल्या नाहीत तर तिसऱ्या रविवारी कुणीतरी त्यांच्या घरी जातंच. आरोग्याचं काम याच ओढीवर उभं करायचं.

काय काय लागेल

- दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन. मनगटाचं घेऊ नका, आकडे चुकतात. जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा मागून घ्या.
- शिवणकामाची मोजपट्टी आणि वजनकाटा.
- एक वही, तीही एकाच विश्वासू माणसाकडे राहणारी.
- प्रत्येकाने आपापलं आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत ठेवावीत. आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढलं असेल तर त्याचा नंबर.
- चर्चचं आवार वापरायचं असेल तर कमिटीच्या नावाने साधा अर्ज: दिवस, वेळ, जबाबदार माणूस.

१. आधी पाळकसाहेबांकडे जा

रविवारच्या गर्दीत हा विषय काढू नका. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी घरी जा, महिला मंडळाच्या एखाद्या बाईंना सोबत घ्या. महिला मंडळ पाठीशी असेल तर अर्धं काम झालं समजा.

एक आक्षेप हमखास येतो. पौलाने तीमथ्याला लिहिलंय की शारीरिक कसरत थोड्या बाबतींत उपयोगी आहे, सुभक्ती मात्र सर्व बाबतींत (१ तीमथ्य ४:८). मग हा खटाटोप कशाला? यावर वाद घालू नका, वचन नीट वाचून दाखवा. थोड्या बाबतींत का होईना, पौल उपयोगी म्हणतो. आणि हाच पौल करिंथकरांना समजावताना शर्यतीत धावणाऱ्याचं आणि मुष्टियोद्ध्याचं उदाहरण घेतो.

‘तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे’ हे वचनही लोक पटकन पुढे करतात. ते १ करिंथ ६ मधलं आहे आणि तिथला मूळ विषय व्यभिचार आहे. शरीर देवाचं आहे हा त्यातला अर्थ व्यायामालाही लागू होतो, पण ते वचन जाड माणसाला टोचायला वापरू नका. आधीच लाजणारी माणसं त्याने कायमची लांब जातात.

मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींना हे परकं वाटायचं कारणच नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल उभं केलं, ते नुसती उपासनेची जागा म्हणून नाही, राहतं गाव म्हणून. उपासना आणि संसार एकाच आवारात ठेवण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

२. चालायच्या आधी तपासणी

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची प्राथमिक तपासणी सरकारी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. आशाताईंना किंवा तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. पंचवीस-तीस माणसं एकत्र येणार असं सांगितलं तर बऱ्याचदा तेच येऊन तपासणी करून देतात.

महिन्यातून एका रविवारी चर्चमध्ये आपणही बीपी मोजू शकतो, पण रीत पाळा. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला असावा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या पातळीत. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको. लघवी तुंबवून बसलेला नको. मोजताना गप्पा नकोत. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड जातं. दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट जाऊ द्या. वेगवेगळ्या दिवशी आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर डॉक्टरकडे. १८०/१२० च्या पुढे असेल आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणं अडखळत असेल तर प्रार्थना रुग्णवाहिकेत बसून करा. १०८ ला फोन आधी.

बोटाला टोचून शुगर पाहायची असेल तर ते काम आरोग्य कर्मचाऱ्यांवर सोपवा. एकाची सुई दुसऱ्याला कधीही नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा पुढे म्हणजे मधुमेहाची शंका आणि पुन्हा तपासणी. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर ओलांडली की सावध व्हायचं. बायकांचं हिमोग्लोबिनही याच वेळी पाहून घ्या. १२ च्या खाली असलेल्या बाईला ‘रोज चाला’ म्हणण्याआधी उपचार हवेत.

दोन नियम कडक ठेवा. एक, कुणाचाही आकडा दुसऱ्याला कळता कामा नये. वेदीवरून ‘या महिन्यात अमक्यांनी चार किलो कमी केले’ अशी घोषणा नको. दोन, तपासणी शेजारच्या सगळ्यांसाठी खुली ठेवा आणि तिथे कुणाच्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नका. बीपी दाखवायला आलेला माणूस बीपीसाठी आलेला असतो. त्या विश्वासाला तडा गेला तर पुढच्या महिन्यात तो येणार नाही, आणि गावात नको तो संशय उभा राहील.

३. चालणं

आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा झपझप चालणं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. सुरुवातीला दहा मिनिटं पुरतात.

वेग कसा ओळखायचा? शेजारच्याशी बोलता यावं, पण गाता येऊ नये. आमच्याकडे यावरूनच क्रम ठरला. निघताना हळू चालत एक भजन, मधली वीस मिनिटं गाणं बंद, परतताना पुन्हा हळू चालत दुसरं भजन. शरीर तापणं आणि निवणं दोन्ही त्यात आपोआप होतं. ‘गाणी म्हणत म्हणत चालतो, थकवा कळतच नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यांना प्रेमाने सांगा, वेग वाढवा. गावातून जाताना आवाज आपल्यापुरता ठेवा. पहाटे लोक झोपलेले असतात.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साडेपाचला निघून साडेसहाला घरात. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतःची. थंडीत उजाडायला उशीर होतो, तर सातनंतर निघा किंवा संध्याकाळ धरा. अंधारात हायवेच्या कडेने चालू नका. शाळेचं मैदान, कॉलनीतले आतले रस्ते, काहीच नसेल तर चर्चच्या आवाराला फेऱ्या.

मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी किंवा स्लीपरवर चालू नये. घरी आल्यावर तळवे रोज पाहायचे, दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगायचं. त्यांना पायाला खडा टोचलेला कळत नाही आणि तिथून जखम चिघळते.

लूकच्या शेवटच्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला पायी निघालेत. अंतर सुमारे अकरा किलोमीटर, आणि सगळी वाट ते मनातलं दुःख एकमेकांना सांगतायत. चालताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून बोलत नाही. आमच्या गटात नवऱ्याचं पिणं, मुलाचं कर्ज, सुनेशी अबोला हे सगळं आधी रस्त्यावर निघालं आणि मग प्रार्थनेत आलं. म्हणून जोड्या ठरवून द्या, दर महिन्याला बदला.

४. ताकदीसाठी काहीतरी

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना काम द्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. गुडघे दुखणाऱ्यांना मांडीचे स्नायू बळकट करणं हाच मोठा आधार आहे.

योगासनं करावीत का, यावर मंडळीत दोन मतं असतात. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांना ओढू नका, जे करतात त्यांना नावं ठेवू नका. ताण देण्याचे साधे व्यायाम पुष्कळ आहेत, त्यात कुणाची हरकत नसते.

तरुणांना चालायला बोलावलं तर ते येत नाहीत. त्यांच्यासाठी जाळी बांधा. व्हॉलीबॉल आपल्याकडे गावोगावी खेळतात, पण तो जन्मला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत हे फार थोड्यांना माहीत असतं. विल्यम मॉर्गन यांनी तो १८९५ साली अमेरिकेत होल्योकच्या वायएमसीएमध्ये बसवला. त्याआधी चार वर्षं, १८९१ मध्ये, जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉलही वायएमसीएच्याच प्रशिक्षण शाळेत सुरू केला होता. ही संस्था १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी तरुणांच्या प्रार्थनेसाठी आणि बायबल अभ्यासासाठी काढली. पुढे आत्मा, मन आणि शरीर अशा तीन बाजूंचा त्रिकोण तिची खूण झाला. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं तेही वायएमसीएचंच. तरुण संघाच्या मुलांना हा इतिहास सांगा. चर्च म्हणजे नुसतं बसणं, हा त्यांचा समज त्याने हलतो.

५. ताट आणि चहा

सगळ्यात सोपी सुरुवात रविवारच्या चहापासून. चहा बिनसाखरेचा करा आणि साखरेची वाटी बाजूला ठेवा. ज्याला हवी तो घालेल. पहिल्या रविवारी कुरकुर होते. ती ऐकून घ्या आणि पुन्हा तसाच चहा करा.

घरी दहा दिवसांचा प्रयोग करा. दानिएलाने बाबेलमध्ये कारभाऱ्याला हेच म्हटलं होतं: दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी द्या, मग पारखून पाहा. तुम्ही एकच गोष्ट निवडा. बिनसाखरेचा चहा, किंवा रात्रीचं जेवण आठच्या आत, किंवा रोज एक वाटी मोडाची मटकी. एकदम सगळं बदलणारा माणूस अकराव्या दिवशी परत जुन्या ताटावर येतो.

आपलं मराठवाड्याचं ताट मुळात चांगलं आहे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, पिठलं, वरण, कांदा. बिघडतं ते तीन ठिकाणी. भाकरी ‘शुगरला चांगली’ म्हणून चार-चार खाल्ल्या जातात. ज्वारीतही पिष्ट भरपूर असतं, त्यामुळे मधुमेहींनी भाकरी मोजून आणि भाजी-डाळ वाढवून घ्यावी. तेल करडईचं असो की सोयाबीनचं, माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास थांबावं. आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. ठेचा, पापड, लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी एकाच जेवणात असली तर त्यातच ते संपतं.

प्रीतिभोजनात मटण-भात बंद करा असं कुणी ऐकणार नाही, मीही म्हणणार नाही. पण काकडी-टोमॅटोची परात पंगतीत पहिली फिरवा, वरण घट्ट करा, गोड एकच ठेवा. नाताळात घरोघर करंज्या-केकची ताटं जातात. मधुमेही घरात जाताना पेरू किंवा संत्री न्या, त्यांना त्यात मान वाटतो.

६. उपवास: इथे सावध राहा

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, रविवार वगळून, आपल्याकडे नेमके ऊन तापायला लागतं तेव्हा येतात. पाणी न पिता उपवास या हवेत करू नका.

इन्सुलिन घेणारे, शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणारे (ग्लिमेपिराइड त्यातली नेहमीची), मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं यांनी डॉक्टरांना न विचारता उपाशी राहू नये. उपवासात घाम सुटला, हात थरथरले, छाती धडधडली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर शुगर उतरली समजा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, मग जेवायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, १०८ बोलवा. उपवास मोडला म्हणून त्याला अपराधी वाटू देऊ नका.

यशया ५८ मध्ये देवाला आवडणारा उपवास सांगितलाय: आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं. ज्यांना उपाशी राहता येत नाही त्यांना हा मार्ग पूर्ण खुला आहे. तंबाखूचा उपवास, साखरेचा उपवास, रात्री नऊनंतर मोबाईलचा उपवास, आणि वाचलेले पैसे मंडळीतल्या एखाद्या आजारी माणसाच्या औषधाला. उपवासाचा वजन उतरवायचा डाएट करू नका. दोन्हींचा उद्देश वेगळा आहे.

७. गोळी आणि प्रार्थना

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. आपल्या साक्षींमध्ये एक वाक्य वारंवार येतं: ‘प्रार्थना केली आणि गोळ्या सोडल्या.’ ते ऐकून मागच्या बाकावरचा कुणीतरी घरी जाऊन आपलीही गोळी बंद करतो. बीपीची गोळी सोडलेल्याला काही दिवस बरंच वाटतं, मग एके दिवशी अर्धांगवायू होतो. टीबीची औषधं नेमाने सहा महिने घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही त्यांचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

शास्त्र काय सांगतं ते पाहा. हिज्कीया राजा मरणपंथाला लागला, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली आणि आयुष्य वाढवलं. तरीही यशयाने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलाच (यशया ३८). लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. येशूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर काय सांगितलं? जा, याजकाला दाखव. त्या काळी कुष्ठरोग गेला की नाही ते पाहण्याचं काम याजकाचं होतं. म्हणजे बरं झाल्यावरही तपासणी करून घ्यायची रीत खुद्द प्रभूने पाळायला लावली.

पाळकसाहेबांना ही विनंती करा: बरं झाल्याची साक्ष द्यायची असेल तर आधी नवा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलेला असावा, आणि गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरांनी ठरवलेलं असावं. आमच्याकडे हे मान्य झाल्यापासून साक्षी कमी झाल्या नाहीत. त्या जास्त खात्रीने दिल्या जातात.

८. मिश्री, तंबाखू, दारू

बायकांच्या बैठकीत मिश्रीचा विषय बायकांनीच काढावा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात स्वच्छ करायचं औषध नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. सोडलेला माणूस पुन्हा घसरला तर त्याचं नाव घेऊन प्रार्थना करू नका, त्याच्या घरी जा. दारू रोज पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

९. विसावा

सगळ्यांना चालायला सांगू नका. जो माणूस दिवसभर कापूस वेचतो, विटा उचलतो किंवा दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो त्याच्या अंगाला व्यायाम कमी पडलेला नाही. त्याला झोप, पोटभर डाळ-अंडी आणि सुट्टी कमी पडलीय. शब्बाथाची आज्ञा दासाला आणि दासीलाही विसावा देते, बैलालाही देते. येशूनेही थकलेल्या शिष्यांना ‘एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या’ असं म्हटलं (मार्क ६:३१). एलीया मरण मागत रतम झाडाखाली पडला तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा जेवू घातलं आणि मध्ये झोपू दिलं.

म्हणून रविवारी आमचा गट चालत नाही. एरिक लिडल यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायचं नाही म्हणून १०० मीटरची शर्यत सोडली आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं, ही गोष्ट संडे स्कूलच्या मुलांना फार आवडते. बाकी दिवशी रात्रीची सात तास झोप. रात्रभराच्या प्रार्थना सभेनंतर सकाळी चालायला येऊ नका, झोपा.

१०. गट टिकवायचा कसा

पहिल्या महिन्यात वीस माणसं येतात, पावसाळ्यात सहा राहतात. सहा पुरेत, गट बंद करू नका. पावसात चर्चच्या हॉलमध्ये उठबस आणि जागच्या जागी चालणं ठेवा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात परततात, तेव्हा त्यांच्यासाठी तपासणीचा वेगळा रविवार धरा. बायकांचं हिमोग्लोबिन आणि मुलांचं वजन आधी. जबाबदारी दर तीन महिन्यांनी दुसऱ्या घराकडे द्या. जे अंथरुणावर आहेत त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा चौघांनी जायचं, हातपाय हलवून द्यायचे, एक स्तोत्र वाचायचं.

येत्या रविवारी एवढंच करा: साखर वाटीत काढून ठेवा, मशीन टेबलावर मांडा आणि पहिला दंड पाळकसाहेबांचा घ्या.